दोरीवर वाळत घातलेली चूक

वर्ध्याच्या सिंदी मेघेत आमच्या शेजारी भोयर सर राहायचे. त्यांच्या अंगणातल्या दोरीवर अर्ध्या भागात वहिनींची लुगडी आणि अर्ध्या भागात संगणकाचा कागद. हो, कागद! पट्ट्यापट्ट्यांचा, हातभर रुंद, संपता न संपणारा. सर तो चिमट्यांनी लटकवायचे आणि हात पाठीमागे बांधून त्याच्या कडेकडेनं चालत वाचायचे. "बसून वाचलं का झोप येते, मॅडम. चालत वाचलं का चुकीची ठेच लागते."

आम्ही दोघं एकाच कॉलेजात शिकवायचो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, तरी अर्ध्या वर्ध्याला संगणक म्हणजे टीव्हीचा चुलतभाऊच वाटायचा. सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं नागपुरात संगणक जोडायचा छोटा कारखाना काढला होता. यंत्राचा सगळा कारभार पाहणारा जो प्रोग्रॅमचा गाभा, कर्नेल, त्यात तिथल्या पोरांनी बदल केला की त्या ओळी छापलेला कागद एसटीनं सरांकडे तपासायला यायचा. सरांनी होय म्हटल्याशिवाय बदल पुढे जात नसे.

आणि सरांचा नियम! चूक सापडली की ज्यानं केली त्यानंच वर्ध्याला यायचं, ओट्यावर बसून ती वऱ्हाडीत समजावून सांगायची, मगच जेवायचं. "इंग्रजीत चूक लपते. आपल्या बोलीत सांग, मंग पाहू." कितीतरी पोट्टे रडकुंडीला यायचे आणि वहिनींच्या हातचा झुणका खाऊन हसत परतायचे.

एकच येत नसे, सरांचा मुलगा प्रकाश. तोही त्याच कारखान्यात. त्यानं परस्पर कोर्टात लग्न उरकलं, आणि सर म्हणाले, "पुन्हा या दारात पाय ठेवू नोको." बापासारखाच हट्टी पोरगा! तेव्हापासून त्याचा कागद यायचा, तो नाही. आणि मेल्याच्या कागदात चूक म्हणून सापडत नसे. सर दोरीच्या जास्तीच्या फेऱ्या मारायचे. वहिनी आतून विचारायच्या, "सापडली का?" "नाई," म्हणून सर चिमटे काढायचे. मला वहिनींसाठी तुटायचं आणि सरांचा असा राग यायचा म्हणता!

एका सकाळी सर प्रकाशच्या कागदापाशी थबकले. "मॅडम, इकडं या. मले काहीतरी काळंबेरं दिसून राह्यलं."

मी पाहिलं. डिस्कवरून माहिती येईपर्यंत एका कामाला झोपवलं, म्हणजे थांबवून ठेवलं होतं, पण माहिती आल्यावर त्याला उठवायची ओळच नव्हती. ते काम जन्मभर झोपूनच राहिलं असतं.

"ज्याले झोपवलं त्याले उठवाची सोय आधी पाहा, हे त्याले मीच शिकवलं," सर म्हणाले. "अन् मागच्या कागदात ही ओळ होती! मुद्दाम काढली त्यानं. काऊन काढली?"

"एका ओळीचं तर काम, सर. मी पेनानं लिहून पाठवते."

"हात नोका लावू!" सर ओरडले. मग एकदम ओट्यावर बसले. "मॅडम, त्याले नियम मालूम हाय."

वहिनी दारात उभ्या होत्या. काही न विचारता त्या आत गेल्या आणि डबे काढायला लागल्या.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून सरांनी नागपूरला फोन लावला. मी सोबत होतेच. "चूक सापडली," ते करड्या आवाजात म्हणाले. पलीकडून प्रकाश बोलायला लागला तसे गरजले, "फोनवर नोको सांगू! नियम सगळ्याइले सारखा. रविवारी येजो."

मग माझ्याकडे पाठ फिरवून हळूच म्हणाले, "अन् सूनबाईले संग आणजो. तिच्याबिगर मी काई ऐकून घेणार नाई."