एक घर, एक कौल

मतदानाला आठ दिवस उरले असताना एका सकाळी लवू मंगळूरकराने दार उघडलं, तर घरापुढच्या खळ्यात तुळशीच्या पायाशी एक कौल ठेवलेलं होतं. छपरावरचं लाल कौल, एका कडेला शेवाळ धरलेलं. लवूने ते उचलून बोटाने वाजवून बघितलं. खणखणीत होतं. कोणीतरी विसरलं असेल म्हणून त्याने ते कुडाला टेकवून ठेवलं आणि विहिरीवर तोंड धुवायला गेला. परत आला तेव्हा एकाची चार कौलं झाली होती.

कौल वाजवून पारखण्यात लवूचा हात धरणारं मालवणात कोणी नव्हतं. त्याचा आजा मंगळूरहून कौलांच्या पडावातून आला तो एका शाळेचं छप्पर घालायला. दोन वर्षं राहीन आणि परत जाईन, असं सांगून आला होता. आजा वारला, बाप वारला, लवूची चाळिशी उलटली, पण ती दोन वर्षं काही संपेनात. निम्म्या गावाच्या डोक्यावरची कौलं या घराण्याने चढवली. स्वतःच्या घरावर मात्र माडाच्या झावळ्या विणून केलेली चुडतं.

याला कारण लवूची आई, जानकी. ती बाराव्या वर्षी लग्न होऊन मंगळूरहून आली. दर उन्हाळ्यात जुनी चुडतं काढून नवी घालताना ती म्हणायची, "ह्या वर्साचा ढकल. पुढच्या वर्सा जावया." जायचंच आहे, तर कौलं कशाला चढवायची? तिच्या खाटेखाली फडक्यात गुंडाळलेलं एक कौल होतं. सासऱ्याने पहिल्या खेपेला आणलेलं, जुन्या रुंद घडणीचं, पाठीवर माशाचा छाप असलेलं. तिकडे घर बांधू तेव्हा पहिलं हे चढवायचं, असं तिने ठरवून ठेवलं होतं.

लवूला मुन्शिपाल्टीच्या निवडणुकीला उभं केलं ते बंदरवाडीतल्या, बाजारात उन्हात बसून मासे विकणाऱ्या बायकांनी. मुन्शिपाल्टीला अर्ज करून करून हात दुखले, तेव्हा लवूने आपली एक रीत काढली होती. वहाळ ओलांडायला साकव हवा, तर घरटी एक वासा. विहीर उपसायची, तर घरटी एक माणूस. बंदरावर कंदील लावायचा, तर घरटी एक बाटली तेल. लोकांना ही रीत इतकी अंगवळणी पडली होती की लवू वाटेत दिसला की घरून काय आणायचं ते लोक आपणहून विचारायचे, "आता काय हाडूचा?"

समोर उभा होता भिकाजी. मानकऱ्यांच्या घरातला, देवळात पहिला नारळ त्याचा. माणूस वाईट नव्हता, पण सभेत टाळ्या मिळाल्या की त्याची जीभ सैल सुटायची. त्याने पहिल्याच सभेत सांगून टाकलं, "ज्येच्या घरार साधा कौल नाय, तो हंयचो कसो? चुडतां काय, सकाळी गुंडाळली की दुपारी मंगळूराक." लोक हसले. मागे उभा असलेला लवूही हसला. पण घरी येऊन तो जेवला नाही. निवडून येण्याचं त्याला फारसं अगत्य नव्हतं. आपण इथले आहोत, हे एकदा तरी कोणीतरी मोजून सांगावं, एवढंच त्याला हवं होतं.

लवूचा प्रचार करणाऱ्या हरिश्चंद्र मास्तरांना ते सहन झालं नाही. मास्तर तीन दिवसांचं शिळं वर्तमानपत्रही पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे. जनतेचा कौल, मतदारांचा कौल हे शब्द त्यांच्या जिभेवर. त्यांनी रात्रीत पत्रक लिहून कणकवलीहून छापून आणलं आणि घरोघर वाटलं. वर लवूचं नाव आणि खाली ठळक अक्षरात: एक घर, एक कौल.

"चार शब्दांत सगळं आलं की नाही?" मास्तर म्हणाले.

सगळं आलं होतं. जरा जास्तच आलं होतं.

दुपारपर्यंत लवूच्या खळ्यात तीस कौलं झाली. मग नर्मदा आली. बंदरवाडीतल्या बायकांची ती पुढारीण. तिच्या मागे पाचसहा जणी, डोक्यावर माशांच्या टोपल्या, आणि टोपल्यांत बांगड्यांच्या जागी कौलं. कोणी गोठ्यावरचं काढून आणलेलं, कोणी माळ्यावर जपून ठेवलेलं. ज्यांच्या घरावरही चुडतंच, त्यांनी देवबागेला भावाला निरोप पाठवून होडीतून मागवलेलं.

"नर्मदाकाकी, ह्यां काय?" लवूने विचारलं.

"तूच मागितलंस मा? कागद वाचून घेतलंव आमी." नर्मदेने टोपली उतरवली. "भिकाजी म्हणता तुझ्या घरार कौल नाय. आता बघूंदे मान वर करून."

लवूची बायको सुगंधा दारात उभी राहून बघत होती. चूल कुठे मांडायची ते आधी सांगा, एवढंच ती म्हणाली, कारण मागच्या पडवीतही रास लागली होती.

लवू तडक मास्तरांकडे गेला. सगळं ऐकून मास्तरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले की व्याकरण चुकलेलं नाही. मत या अर्थी तो कौल, छपरावरचं ते कौल. पत्रकात "तो" किंवा "ते" घालायचं राहिलं, एवढंच. आणि त्यात बिघडलं काय? जे घर कौल देतं, ते मत द्यायला मागेपुढे पाहील? लवूला ते पटलं. तिथेच दोघे फसले.

भिकाजीने तक्रार केली. उमेदवार मतदारांकडून माल गोळा करतो म्हणून. चौथ्या दिवशी कचेरीतून एक कारकून आला. त्याने खळ्यातल्या राशींभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि काखोटीतलं नियमांचं पुस्तक उघडून उभ्याउभ्या वाचलं.

"उमेदवाराने मतदाराला काही दिलं, तर गुन्हा होतो," तो म्हणाला. "मतदारांनी उमेदवाराला लाच दिली, तर काय करायचं, याबद्दल कायदा गप्प आहे. तुम्ही यातलं कोणाला परत देऊ नका. परत दिलंत, तर मात्र तुम्ही मतदाराला काहीतरी दिलं असं होईल."

म्हणजे परतीची वाटही बंद झाली. मतदानाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत कौलं तीनशे चाळीस झाली. जानकी खाटेवरून त्या राशींकडे नुसती बघायची. तिला काय वाटतं ते विचारायचा धीर लवूला झाला नाही.

मतदानाच्या दिवशी लवू सकाळपासून शाळेच्या बाहेर उभा होता. भिकाजीची माणसं रांगेने येत होती. बंदरवाडीचं कोणी दिसेना. आधी वाटलं, होड्या आल्या असतील, मासळी उतरवून येतील. दुपार झाली. चार वाजले. शेवटी तो धावतच बंदरवाडीत गेला. नर्मदा वाळूत सुकत घातलेले मासे उलटत बसली होती.

"काकी, मत दिलास?"

"दिलंय मा. बुधवारी. माझा एक नि सासूचा एक." नर्मदेने वर पाहिलं. "तुझ्याच हातात दिलंय. इसारलंस?"

दिलं ते छपरावरचं कौल, मत शाळेत जाऊन द्यायचं असतं, हे लवूने दोन वाक्यांत सांगितलं, आणि ऐकता ऐकता नर्मदेच्या हातातला मासा खाली पडला. मग जे झालं ते मालवणात पुष्कळ दिवस सांगितलं जात होतं. बायका होत्या तशा उठल्या, ओल्या हातांनी, कमरेला कोयते खोचून, आणि वाटेतल्या प्रत्येक दारात हाका मारत सुटल्या. पाचाच्या ठोक्याला शाळेचं फाटक बंद झालं तेव्हा त्यातल्या एकोणीस जणी आत पोचल्या होत्या. बाकीच्या फाटकाला धरून उभ्या राहिल्या.

लवू अकरा मतांनी पडला.

रविवारी सकाळी बंदरवाडी लवूच्या खळ्यात हजर. पुरुष वासे घेऊन, बायका दोर घेऊन. लवूने हात जोडले. निवडणूक संपली, आता कायदा आड येत नाही, आपापलं कौल घेऊन जा, असं तो सांगू लागला.

नर्मदेने त्याला बोलू दिलं नाही. "मत चुकला आमचा," ती म्हणाली. "कौल चुकूक नाय."

मग सगळ्यांनी जानकीकडे पाहिलं. घर तिचं, छप्पर तिचं, आणि परत जाण्याचा हट्टही तिचा. जानकी खाटेवरून उठली आणि चुलीजवळची भांडी एकेक करून बाहेर नेऊन ठेवू लागली. छपरावरचा कचरा पडतो ना, म्हणून.

घरोघरून आलेली तीनशे चाळीस कौलं काही एका मापाची नसतात. लवूने आजाची, बापाची आणि आपली सगळी विद्या पणाला लावली. छप्पर झालं ते गोधडीसारखं दिसत होतं. पुढच्या पडवीला कौलं पुरली नाहीत, तिथे चुडतंच राहिली.

मधल्या ओळीत चढवायला कोणीतरी खालून एक कौल दिलं आणि लवूचा हात थांबला. जुनी रुंद घडण, पाठीवर मासा. आईने आपलं काढून दिलं की काय, म्हणून तो खाली उतरून खाटेखाली बघून आला. तिचं कौल फडक्यात तसंच होतं. मग हे? अशी कौलं मालवणात एकाच घरावर होती, आणि ती त्याच्या आजानेच चढवलेली. लवूने ते कौल मुकाट्याने बसवलं.

तिसऱ्या दिवशी भिकाजी आला. गळ्यातला हार उतरलेला, चेहराही थोडा उतरलेला.

"लवू, देवघरात ऊन येता," तो म्हणाला. "पूजेक बसलंय की टाळक्यार. आवशीक इचारलंय, तर सांगता, मीच काढून घेतलंय गड्याकडसून."

भिकाजीच्या ऐंशी वर्षांच्या आईने मुलाला काय सांगितलं, ते त्याने तसंच्या तसं सांगितलं: "मत तुका दिलंय, कौल तेका. तेच्या आज्यान माझो माथो झाकलेलो."

म्हातारी दिलेलं परत घ्यायला तयार नव्हती. आणि ते लवूच्या छपराच्या मधोमध बसलं होतं. त्या घडणीचं दुसरं कौल आता कोण आणणार? लवू तसं सांगणार, तेवढ्यात आतून फडकं सोडल्याचा आवाज आला. जानकी दारात आली. तिने पन्नास वर्षं जपलेलं कौल पदराने पुसलं आणि भिकाजीच्या हातात ठेवलं.

"जपून न्हे," ती म्हणाली. "पडला तर दुसरा नाय."

दुपारी मानकऱ्यांच्या घराकडून जाणाऱ्या लोकांना एक गंमत दिसली. पडलेला उमेदवार छपरावर होता, आणि निवडून आलेला मेंबर खाली दोन्ही हातांनी शिडी धरून उभा होता. लवूने कौल बसवलं, तसं देवघरातलं ऊन पुसलं गेलं. बाजारातल्या बायकांच्या डोक्यावरही ऊन येतं, असं तो वरूनच म्हणाला. भिकाजीने शिडी घट्ट धरली आणि पहिल्या बैठकीत तो विषय काढीन, असं कबूल केलं. शिडी धरलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

लवू घरी आला तेव्हा जानकी आडवी पडून वर बघत होती. कुठलं कौल कोणाकडचं, ते ती बोटाने दाखवत सुगंधेला विचारत होती. लवू खाटेच्या काठावर बसला.

"आये," तो म्हणाला, "मगे मंगळूराक कधी जावया?"

जानकीने बोट खाली घेतलं नाही.

"ह्यां सगळ्यांका उतरवूक तुका येळ आसा?" ती म्हणाली, आणि पुढचं कौल दाखवलं.