वसंतअण्णाचा नववा कागद

वसंतअण्णा माझी परीक्षा घ्यायचा तेव्हा तोंडात पाण्याची गुळणी धरून माझ्या मागे उभा राहायचा. परीक्षा कॉम्प्युटरची. मी चौथी पास, वय एकाहत्तर.

हुबळीत, केशवापुरातल्या आमच्या घराच्या परसात एक खोली आहे. ती त्याने भाड्याने घेतली होती. साठी ओलांडलेला एकटा माणूस. सगळं आयुष्य टाइपरायटर दुरुस्त करण्यात गेलं. टाइपरायटर संपले तसा तो ऑफिसांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर उचलून आणू लागला. झोपायला जागा उरली नाही तेव्हा त्याने तेच डबे ओळीने आडवे मांडले आणि त्यांच्यावर गादी घातली.

"मढी कशाला गोळा करतोस?" मी विचारलं.

"हा मेला नाही अक्का, दमलाय."

हे त्याचं नेहमीचं. त्याचं म्हणणं असं, की जुन्या यंत्रावर नव्या जड सिस्टिमचं ओझं लादतात आणि चालेनासं झालं की भंगारात देतात. हलक्या सिस्टिम असतात, लोक त्या फुकट वाटतात. विद्यानगरातल्या एका कॉलेजातून तो तसली सीडी आणायचा. ती चढवली की दमलेला डबा उठून बसायचा. अडचण एवढीच, की ती चढवणं त्याच्याशिवाय कुणाला जमायचं नाही. म्हणून तो एक कागद लिहीत होता. कागद समोर ठेवला की कुणालाही जमलं पाहिजे. हे 'कुणालाही' म्हणजे मी.

"तुला जमलं तर सगळ्या हुबळीला जमेल," तो माझ्या तोंडावर म्हणायचा. खरंच होतं ते, म्हणून मी रागावले नाही.

मी चुकले की त्याला सांगितल्याशिवाय राहवायचं नाही. गुळणी त्यासाठीच. पाणी सांडलं तर कागद नापास. मी "झालं" म्हटल्यावर त्याने ते गिळलं तर पास. आठ कागद नापास झाले. माझं लुगडं आठ वेळा मागून भिजलं.

मला इंग्रजी येत नाही, म्हणून कागदावर अक्षरांना त्याने आपलीच नावं दिली होती. वाय म्हणजे बेचकी. चौथ्या कागदावर होतं, 'बेचकीची कळ दाब.' मी दाबली. पडद्यावर बेचक्याच बेचक्या धावायला लागल्या. मागून फवारा आला.

"तडी अक्का, तडी. बोट उचल की."

तडी म्हणजे कानडीत थांब. घाबरला की तो कानडीत जायचा.

"दाब लिहिलंयस. सोड कुठे लिहिलंयस?"

पाचव्या कागदावर 'दाब आणि सोड' आलं. माझी अक्कल त्याने एकदाही काढली नाही. दर वेळी स्वतःचीच ओळ खोडली.

किती वेळ थांबायचं तेही घड्याळात नव्हतं. 'अर्धा किलो शेंगा सोलून होईपर्यंत थांब,' असं होतं.

जुन्या हुबळीत मुलींची एक शाळा आहे. तिथे कुणीतरी दिलेले चार कॉम्प्युटर बंद पडून होते. अण्णाने मुख्याध्यापिकाबाईंना शब्द दिला, की सोमवारी दुपारपर्यंत एक तरी चालू करून दाखवतो. नाही झाला तर चारही भंगारात.

शुक्रवारी तो नववा कागद घेऊन माझ्या दारात आला. महिनाभर त्याचा आवाज घोगरा होता. मी त्या गुळण्यांना दोष देत होते.

"घशात गाठ आहे. उद्या काढतात. सोमवारी तू जा."

"अडले तर फोन करीन."

"आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगत नाही. कागदाला विचार."

"हा कागद तपासलेला कुठे आहे?"

"नाही."

"गाठीचं कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्या कागदाच्या आधीपासून."

मी त्याला खूप बोलले. मग तो म्हणाला, "शेंगा न्यायला विसरू नको."

सोमवारी मी शाळेत पोचले तेव्हा भंगारवाल्याने हातगाडी फाटकाशी लावून ठेवली होती. माझ्याकडे बघून खुर्ची द्यायला बाईंना वेळ लागला. मी कागद मांडीवर ठेवला. अण्णाने दिलेली आधी फ्लॉपी घातली, मग सीडी. पडद्यावर लाल पाटी आली. कागद म्हणाला, 'ती रागावलेली नाही, विचारते आहे. बेचकी दाब आणि सोड.' दाबली, सोडली. पडदा काळा झाला.

मी शेंगा काढल्या. थोड्या वेळाने बाईही सोलायला बसल्या. भंगारवाला दारात आला. "अज्जी, उचलू काय?"

"बस तिकडे."

शेंगा संपल्या. पडदा काळाच. मी बोटं लुगड्याला पुसली.

"अक्का, मेला वाटतं हा," बाई म्हणाल्या.

"दमलाय," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते कसं निघालं कोण जाणे.

कागदावरची पुढची ओळ वाचली. 'शेंगा संपल्या आणि पडदा काळाच असेल, तर टरफलं गोळा कर.' तेवढंच. मी खाली बसले. बाकाखालची एकेक उचलली, बाईंच्या पायाशी पडलेलीही. गुडघे धरून उठले तेव्हा पडदा निळा झाला होता आणि त्यावर एक छोटा बाण वाट बघत होता.

भंगारवाला हातगाडी वळवून गेला.

कागदावर एक ओळ उरली होती. आधीच्या आठ कागदांवर ती नव्हती. 'सगळं नीट झालं तरी अण्णाला कळव.' खाली वॉर्डाचा फोन नंबर.

शाळेच्या फोनवरून लावला. नर्स म्हणाली, त्यांना बोलता येत नाही.

"त्याने बोलायचं नाहीच. फोन कानाला लाव त्याच्या."

पलीकडे कुणी काही बोललं नाही. नुसता नाकाने घेतलेला श्वास. ती शांतता मला ओळखीची होती. आठ वेळा माझ्या पाठीमागे उभी राहिलेली. माझा हात नकळत पाठीकडे गेला. लुगडं कोरडं होतं.

"झालं, अण्णा," मी म्हटलं. "गिळ आता."