शिवगोंडा सरांचा अर्ज

शिवगोंडा सरांना तुम्ही विचारलंत, "सर, चहा घेणार का?" तर ते आधी खिडकीबाहेर बघत आणि मग म्हणत, "बारा आणे धरा." म्हणजे रुपयात बारा आणे शक्यता. लग्नाच्या आमंत्रणाला "धा आणे". उद्या रजेवर आहात का, याला "चौदा आणे". साधं 'हो' किंवा 'नाही' या माणसाच्या तोंडून मी क्वचितच ऐकलं.

कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञानाचे डेमॉन्स्ट्रेटर होते आणि मी ऑफिसात टायपिस्ट. कॉलेजच्या गच्चीवर त्यांनी पाऊस मोजायचं भांडं आणि झडपांची एक पांढरी पेटी बसवली होती. पेटीत दोन तापमापक टांगलेले. आमचा सखाराम शिपाई तिला देवघर समजून दर अमावास्येला कुंकू लावी. सरांनी त्याला एकदाच सांगितलं, "भायेरनं लाव बाबा. आत लावलंस तर हवेचा ओलावा चुकंल."

एके दिवशी मधल्या सुट्टीत ते ऑफिसात आले. दार लावलं, खिडकी लावली. मला वाटलं, यांची नोकरी गेली.

"पंत," ते पुटपुटले, "अमेरिकेला अर्ज टाकायचाय. हवामानशास्त्रात एम. एस. करायला. कुणाला बोलू नका."

"मिळेल का?"

"एक आणा धरा. त्योबी जास्तच झाला."

त्या एका आण्यापायी पुढचे दोन महिने त्यांनी स्वतःची आणि माझी झोप उडवली. फॉर्ममध्ये डोळ्यांचा रंग विचारला होता. सर म्हणाले, "काळा लिवा." मी लिहिलं. दहा मिनिटांनी परत आले. "पंत, पार काळं न्हाईत वो." मग आम्ही दोघं उन्हात उभे राहिलो आणि मी भर कॉलेजात त्यांच्या डोळ्यांत डोकावून बघितलं. तपकिरी निघाले. नवीन कागद घातला. आपण बोटीतून उतरल्यावर कुणीतरी साहेब फॉर्म हातात धरून डोळे ताडून बघणार, अशी त्यांची समजूत होती.

सगळ्यात अवघड होतं ते एक पान: हा विषय तुम्हाला का शिकायचा आहे? पहिल्या खर्ड्याची सुरुवात होती, 'अनादि काळापासून मानव आकाशाकडे पाहत आला आहे.' मी झकास टाइप करून दिलं. दुसऱ्या दिवशी कागद परत. "पंत, अनादि काळाची खात्री कोण देणार? हे काढा." असे नऊ खर्डे झाले. नवव्याला मात्र माझा संयम सुटला.

"सर, अहो, मानव राहू द्या. तुम्हाला का जायचंय, ते सांगा!"

ते स्टुलावर बसले.

"आमचं गाव शिरोळकडं, नदीकाठाला," ते म्हणाले. "मी इंटरला हुतो, सुट्टीला घरी गेलतो. नदी फुगलेली. अव्वा, म्हंजे आमची आई, म्हणाली, शिवू, तू शिकलेला हायस, पाणी वर येतंय का बघ. मी आभाळाकडं बघितलं. लख्ख ऊन. म्हटलं, पाऊसच न्हाय तर पाणी कुठनं येतंय? नक्की येत न्हाय. अव्वानं माझं ऐकलं." त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "पाऊस तिकडं वर घाटात पडत हुता, पंत. आमच्या डोस्क्यावर न्हाय. पहाटं पाणी घरात. अव्वा शेजाऱ्याच्या माळवदावर दोन दिवस वल्या लुगड्यात बसली. चौथ्या दिवशी तापानं गेली. वडील आधीच गेलते."

मी त्यांच्या समोरच हे सगळं साध्या इंग्रजीत टाइप केलं. एरवी एका स्वल्पविरामासाठी तीनदा येणारे सर. त्यांनी ते पान वाचलंसुद्धा नाही. "पाकीट चिकटवा," म्हणाले.

अर्ज गेला आणि वाट बघणं सुरू झालं. सर रोज पोस्टमनला गाठत. शेवटी त्या बिचाऱ्यानं आमच्या कॉलेजचं टपाल मागच्या फाटकानं द्यायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी पत्र आलं: दोन शिफारसपत्रांपैकी एकच पोहोचलं आहे, दुसरं तीन आठवड्यांत न आल्यास अर्जाचा विचार होणार नाही.

दुसरं पत्र त्यांच्या जुन्या प्राध्यापकांचं. ते निवृत्त होऊन गारगोटीला एकटेच राहत होते. आम्ही रविवारी सकाळची एस. टी. पकडली. सरांनी पुढच्या बाकाची दांडी घट्ट धरून ठेवली होती. "म्हातारा घरात नसला तर? आजारी असला तर? मला वळखलंच न्हाय तर?"

शेजारच्या पटकेवाल्यानं त्यांच्याकडं कळवळून बघितलं. "पावणं, लईच शीक हाय काय माणूस? औषधपानी चालू हाय न्हवं?"

"चालू हाय," सर म्हणाले. दुसरं काय सांगणार?

म्हातारबुवा ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. पत्राचं नाव काढताच उठले आणि आतून लिहून, सही करून, पाकिटात घातलेलं पत्रच घेऊन आले.

"लिहिलंत, मग धाडलं का न्हाई, सर?" शिवगोंडा सरांनी विचारलं.

म्हातारा शेंगांकडे बघत म्हणाला, "तू दर सोमवारी पावसाच्या आकड्यांचं कार्ड टाकतोस. मला दुसऱ्या कुणाचं टपाल येत नाही रे."

मी चमकलो. या कार्डांचं सर मला कधी बोलले नव्हते.

"तिकडनंबी धाडतो की," सर म्हणाले. म्हाताऱ्यानं पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि वर ओंजळभर शेंगाही.

प्रवेश मिळाला. शिवाय तिथंच सहायकाची जागा. पत्र मीच फोडलं. मी वाचून दाखवलं, तर ते स्टुलावर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

सोबत आणखी एक फॉर्म होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो पेन्सिलीनं भरून आणला, सगळा, एक रकाना सोडून. आजार किंवा अपघात झाल्यास कुणाला कळवायचं?

"पंत," ते भिंतीवरच्या खुंटीकडे बघत म्हणाले, "इथं तुमचं नाव टाकलं तर चालंल? घाई न्हाय. घरी इचारून सांगा."

मी कागद मशीनवर चढवला. माझं नाव घातलं, मंगळवार पेठेतला पत्ता घातला. पुढचा रकाना नात्याचा होता.

"नातं काय घालू?"

"त्या लोकास्नी समजंल असं कायतरी घाला."

मी 'भाऊ' घातलं. त्यांनी कागद हातात घेतला आणि ती एक ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, "वैनीस्नी मात्र आधी सांगून ठेवा हं, पंत. येकदम तार आली तर भितील बिचाऱ्या."