डबल बेलचं दही

आमच्या शेजारचे आप्पा दुधाला विरजण लावलं की पातेल्याच्या काठावर चमच्यानं दोनदा वाजवतात. टिंग टिंग! मग झाकण ठेवून म्हणतात, "चला, जाऊ द्या!" जन्मभर एसटीत कंडक्टर होते. नोकरी सुटली, डबल बेल काही सुटली नाही.

विरजण काकूंचं. काकू म्हणजे आप्पांच्या मंडळी. लग्न होऊन आल्या तेव्हा कुरुंदवाडहून माहेरचं विरजण संगट आणलं, आणि त्या गेल्यावरही आप्पांनी ते मोडू दिलं नाही. गल्लीत कुणी नवीन राहायला आलं, की पहिल्या सकाळी आप्पा वाटी घेऊन दारात. "पावणं, हे घ्या. पन मोडायचं न्हाय बरं का! रोज लावायचं."

एवढ्यावर थांबतील तर आप्पा कसले! अधूनमधून तपासणीला येतात. खिशात स्वतःचा चमचा. "वैनी, दही बघू." की थेट फ्रीजपाशी. चाखणार, डोळे मिटणार, मान हलवणार, चमचा धुऊन परत खिशात. मला आधी असा राग यायचा! घर माझं, दही माझं, आणि हे तिकीट तपासल्यासारखे!

मध्यंतरी लग्नाचं जेवून आमच्या ह्यांचं पोट बिघडलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मागोमाग आप्पा ताकाचा तांब्या घेऊन हजर.

"पोट म्हंजे एसटीच की," आप्पा सुरू झाले. "सगळ्या शिटांवर आपली मानसं बसलेली असली, तर रोगाचं जंतू बसनार कुठं? जागाच न्हाय! त्यात ही दह्यातली आपली मानसं अशी आंबट, की त्यास्नी शेजारी उभं ऱ्हायला बी सोसत न्हाय."

"मग ह्या गोळ्या कशाला घेऊ?" ह्यांनी विचारलं.

"त्या घ्यायच्याच! डॉक्टरनं दिल्यात न्हवं? पन गोळी लई कडक. ती चांगल्या-वाईट सगळ्यास्नीच खाली उतरवती. मग रिकाम्या गाडीत आपली मानसं चढवायला नकोत व्हय? प्या गुमान!"

ह्यांनी गोळ्याही घेतल्या आणि ताकही प्यायलं. बरं नेमकं कशानं वाटलं देव जाणे, पण श्रेय आप्पांनी घेतलं, तेही चौकातल्या चहाच्या गाड्यावर उभं राहून.

ह्या व्याख्यानांनीच शेवटी घात केला. गेल्या आठवड्यात आप्पांनी दूध गॅसवरनं उतरवलं आणि तेवढ्यात दारात कुणीतरी पोटाचं गाऱ्हाणं घेऊन आलं. झालं! बोलता बोलता आप्पांनी होतं नव्हतं तेवढं विरजण त्या कढत दुधात घातलं. बोट बुडवून बघायचं भान राहिलं नाही. वर डबल बेलही दिली. सकाळी बघतात तर दही नाही, नुसतं फुटलेलं दूध.

दिवेलागणीला आप्पा आमच्या दारात उभे, हातात रिकामी वाटी. गल्ली दणाणून सोडणारा माणूस, पण पुटपुटत होता.

"वैनी, तुमच्याकडं तरी हाय न्हवं? बाकी घरं फिरून आलो. सगळी आता पिशवीतलं आनत्यात."

आमचे हे लवकर जेवायला बसलेले. बघते तर भांडं भातावर तिरकं केलेलं! मी धावत जाऊन हात धरला. "ठेवा ते खाली!" तळाशी चमचाभर उरलं होतं, तेवढंच.

मी ते वाटीत काढलं, तर आप्पाच मागं सरले. "नको. दिवं लागलं की. ह्या येळंला विरजण घराबाहेर देत न्हाईत. तुमच्या काकूला चालायचं न्हाय. सकाळी येतो." म्हणाले खरं, पण पाय काही हलेनात. नजर वाटीवरच.

मग म्हणाले, "घरोघरी चाखत फिरतोय म्हनून तुमी हसता, ठाऊक हाय मला. तिच्या हातचं म्हनून एवढंच उरलंय वो. जित्तं हाय का, तेवढं बघून जातो."

कुठला राग नि कुठलं काय! म्हटलं, "आप्पा, घरचं माणूस घरी चाललंय, त्याला कसली आलीय वेळ? न्या."

त्यांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली. फाटकापाशी थांबले, खिशातला चमचा काढला, वाटीवर अगदी हळू दोनदा वाजवला आणि घराकडे निघाले.