शून्य पॉइंट पंचेचाळीस

थेरगावच्या प्रगती विहार सोसायटीत एका रविवारी सकाळी दहा वाजता प्रज्वलने आपल्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर घरच्या घरी तपासला. घटना एवढीच. तिचा अहवाल मात्र अकरा पानांचा झाला.

गाडीतला इंजिनबिघाडाचा पिवळा दिवा आदल्या दिवसापासून पेटत होता आणि बरोबर बारा वाजता प्रज्वलला तळवड्यात सायलीच्या घरी पोचायचं होतं. तिचे वडील दादासाहेब लग्नाला होकार देतात की नाही, ते आज ठरणार होतं. चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं गुणवत्ता विभाग सांभाळून ते निवृत्त झालेले. उशिरा आलेला माल ते गेटवरूनच परत पाठवायचे. माणसांसाठी त्यांनी वेगळा नियम केलेला नव्हता.

प्रज्वल भौतिकशास्त्राचा पदवीधर. त्याने इंजिन तापू दिलं, मल्टिमीटरची टोकं सेन्सरच्या तारेला लावली. आकडे नाचू लागले: ०.१, ०.८, ०.२, ०.९. तो खूश झाला. धुरातला ऑक्सिजन सतत कमीजास्त होतो, म्हणून जिवंत सेन्सरचा आकडा हलतच राहतो. दोष फक्त सैल प्लगचा होता. प्लग दाबला, मोबाइलवरून बिघाडाची नोंद पुसली, दिवा विझला. दहा वाजून बारा मिनिटं.

पण प्रगती विहारात बेचाळीस फ्लॅट आहेत आणि त्यातल्या एकोणचाळीस घरांत कुणी ना कुणी कुठल्यातरी कंपनीच्या तपासणी खात्यात आहे. उघडं बॉनेट दिसलं की या मंडळींना रविवार आठवत नाही. सोसायटीचे अध्यक्ष ज्योतीराम चहा घेऊन आले आणि मीटरकडे पाहून चहा प्यायचा विसरले.

"प्रज्वल, आकडा हलतोय."

"हलायलाच पाहिजे, काका."

"बाळा, आपल्याकडे हलणारा आकडा म्हणजे रिजेक्ट."

प्रज्वलने विज्ञान समजावलं. ज्योतीरामांनी ते शांतपणे ऐकलं आणि मीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागितलं. ते नव्हतं. मग ठराव वाचून दाखवण्यात आला: आवारात दुरुस्त केलेलं वाहन तपासणी तक्त्यावर सह्या झाल्याशिवाय गेटबाहेर सोडू नये. या ठरावाला गेल्या सभेत पेंगता पेंगता प्रज्वलनेच अनुमोदन दिलं होतं.

अकरापर्यंत गाडीभोवती पिवळी फीत लागली होती आणि हेल्मेट घातलेले सात जण मूळ कारण शोधत होते. पद्धत कंपनीतलीच, पाच वेळा 'का' विचारायचं. सेन्सर का हलतो? ऑक्सिजन हलतो म्हणून. ऑक्सिजन का हलतो? पाचव्या 'का'ला निष्कर्ष निघाला, की बारावीनंतर प्रज्वलला इंजिनिअरिंगला घालायला हवं होतं.

तुलनेसाठी नमुना हवा होता. सेक्रेटरी रोहिदास यांची गाडी तीन वर्षं जिन्याखाली बंद उभी होती. तिचा सेन्सर काढून प्रज्वलच्या गाडीला बसवला. मीटरवर ०.४५. पाच मिनिटांनी ०.४५. दहा मिनिटांनीही तेच. पार्किंगमध्ये टाळ्या पडल्या.

"काका, तो मेलाय," प्रज्वल म्हणाला.

"पण शिस्त बघ त्याची."

सोसायटीच्या जागेवर ज्यांचं शेत होतं, त्या अंबूबाई तळमजल्याच्या खिडकीतून म्हणाल्या, "आरं, मढं बी हालत न्हाई. त्याला बी सही देता व्हय?"

त्यांचं म्हणणं 'सूचना' या रकान्यात नोंदवण्यात आलं.

जिवंत सेन्सर नापास मालाच्या लाल डब्यात गेला. गाडी काळा धूर ओकू लागली आणि पिवळा दिवा पुन्हा पेटला. त्यावर काळी चिकटपट्टी लावून तक्त्यात लिहिलं, 'दिवा दिसत नाही. उपाययोजना पूर्ण.' अकरा पंचवीस झाले होते. प्रज्वलने घड्याळाकडे पाहिलं, लाल डब्याकडे पाहिलं आणि 'मान्य' लिहून सही केली. गेट उघडलं.

बाराला एक मिनिट कमी असताना गाडी खोकत खोकत दादासाहेबांच्या दारात थांबली. धुरात त्यांना आधी प्रज्वलच्या हातातली तपासणी अहवालाची फाइल दिसली. त्यांनी थेट अकरावं पान उघडून सह्या मोजल्या आणि समाधानाने विचारलं, "नोकरी?"

"ठीक."

"तब्येत?"

"ठीक."

"आमची सायली मनापासून आवडते ना?"

दारात सायली उभी होती. प्रज्वलच्या छातीत ०.१, ०.९, ०.२ असं काहीतरी चाललं होतं. तिने डोळ्यांनीच फाइलकडे खूण केली.

"ठीक," प्रज्वल म्हणाला.

"एकसारखा आहे पोरगा, हलत नाही," दादासाहेब म्हणाले आणि होकार दिला.

ती गाडी अजून रस्त्यावर आहे. सिग्नलला तुमच्यापुढे काळा धूर सोडताना दिसली तर हॉर्न वाजवू नका, ती रीतसर पास झालेली आहे. त्यापेक्षा हिरवा दिवा लागेपर्यंत तुमच्या डॅशबोर्डवरून जरा बोट फिरवा. एखादी काळी चिकटपट्टी हाताला लागली, तर ती कुणी लावली, हे तुम्हाला विचारायची गरज पडणार नाही.