गंजलेल्या फाटकातला पांढरीपांडे

विनायक पांढरीपांडे जेवायला बसला की आधी फ्रीजचा प्लग काढायचा. जेवण झाल्यावर तो परत लावायचं मात्र त्याला आठवायचं नाही. अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही तिघं राहायचो आणि तिघांचं दूध आठवड्यातून दोनदा नासायचं. मी ओरडलो की म्हणायचा, "अरे, तो फ्रीज षड्जाच्या जरा खाली गुणगुणतो बाप्पा! घास उतरत नाही."

पांढरीपांडे नागपूरचा. वडील व्हायोलिन शिकवायचे, त्यामुळे हाही चौथ्या वर्षापासून वाजवत होता. इथे तो सिरॅमिक्समध्ये पीएच.डी. करत होता, निदान युनिव्हर्सिटीची तशी समजूत होती. माणसंही तो सुरांवरून ओळखायचा. त्याचा गाइड "कोमल निषाद, कायम उतरलेला". मी तंबोरा. "मागे बसवला की तुझा काही त्रास नाही."

हा माणूस रॉक बँडमध्ये शिरला तो लाँड्रीमुळे. कपडे वाळेपर्यंत तिथे रियाज करत बसला होता. डेल नावाचा एक दांडगा सुतार ओले कपडे हातात घेऊन तासभर ऐकत उभा राहिला. डेलचा 'रस्टी गेट' नावाचा बँड होता. डोंगराकडची जुनी गाणी, म्हणजे कोळशाच्या खाणी आणि सोडून गेलेल्या बायका, हे लोक रॉकच्या गिटारवर आणि ड्रमवर वाजवायचे. डेल गायचा, त्याची बायको कॅरल बेस गिटार वाजवायची, आणि ड्रमरला बोलताना मी कधी ऐकलं नाही. पांढरीपांडेने वडिलांना लिहिलं, "'गंजलेले फाटक' या स्थानिक मंडळात साथ करतो."

पण स्टेजवर तो मांडी घालून बसायचा. पुढच्या रांगेलाही दिसायचा नाही. व्हायोलिन कुठून येतंय म्हणून लोक माना उंचावायचे. शेवटी डेलने त्याला चांगला भक्कम चौरंग करून दिला. तीन वर्षं हा चौरंग व्हॅनमधून गावोगावच्या जत्रांत, कॉलेजांत, बारमध्ये फिरला. एका चर्चच्या हॉलमध्ये त्यांनी स्वतःच एक रेकॉर्ड केली आणि व्हॅनच्या मागच्या दारातून विकली. कॉलेजांच्या रेडिओवर ती वाजायला लागली. पांढरीपांडेचा 'पांडा' झाला. प्रत्येक गाण्यानंतर तो माइकसमोरच म्हणायचा, "डेल, अंतऱ्यात घसरलास." आणि तो सहा फुटी माणूस म्हणायचा, "सॉरी, पांडा."

मग न्यूयॉर्कच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. बँड त्याला हवा होता, पांडा नको होता. ते दिवस बटणांच्या कीबोर्डचे होते. व्हायोलिन जुनाट वाटतं, आणि फोटोत एक माणूस खाली बसलेला बरा दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. हे सगळं मला पुढे कळलं.

त्या रविवारी सकाळी डेल एकटाच वर आला. कॅरल नेहमी आधी धावत यायची, ती खाली व्हॅनमध्येच बसून राहिली. डेल तीन कप चहा प्यायला. हवेवर बोलला, आमच्या खिडकीच्या चौकटीवर बोलला. पांढरीपांडेने खिडकीतून खाली व्हॅनकडे पाहिलं आणि म्हणाला, "डेल, मी बँड सोडतोय. थिसिस राहिलाय. गाइड फार मागे लागलाय."

डेलने त्याला उचलूनच मिठी मारली. त्याचे डोळे भरून आले होते. "आधी थिसिस पूर्ण कर, पांडा," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी डिपार्टमेंटच्या सेक्रेटरीबाईंनी मला विचारलं, "तुझा मित्र टेबल कधी रिकामं करणार?" पांढरीपांडेने तीन आठवड्यांपूर्वीच पीएच.डी. सोडल्याचा फॉर्म भरला होता. बँडबरोबर कायमचं जायचं म्हणून.

मी तसाच घरी आलो. तो पलंगावर व्हायोलिनच्या तारा सैल करत बसला होता.

"काय केलंस हे? डेलला सांग!"

"खबरदार सांगशील तर," तो म्हणाला. आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "त्याला कळलं तर तो कंपनीला नाही म्हणेल. शाळेत होता तेव्हापासून वाट बघतोय रे तो."

महिन्याभरात तो नागपूरला परतला. रेकॉर्ड पुढच्या वर्षी आली. व्हायोलिनच्या जागी कीबोर्ड पिपाणीसारखा वाजत होता. कोणी घेतली नाही. कंपनीने हात वर केले, बँड मोडला, कॅरल निघून गेली. पांढरीपांडेची पत्रं यायची, प्रत्येकात शेवटी एकच ओळ, "रेकॉर्ड जोरात चालली असेल ना बाप्पा?" मी लिहायचो, चाललीय.

काही वर्षांनी डेल मला हार्डवेअरच्या दुकानात भेटला. पुन्हा सुतारकाम करत होता. केस पिकले होते.

"पांडाचा थिसिस झाला?"

"झाला," मी म्हटलं. "डॉक्टर झाला."

"वा!" तो कितीतरी वेळ हसत राहिला. मग हळूच म्हणाला, "त्या दिवशी मी त्याला काढायलाच आलो होतो, माहितेय? तो आधी बोलला म्हणून सुटलो. त्याला कधी कळू देऊ नकोस हं. फार लागेल त्याला."