लिनक्सची सावड

जगभरातले लिनक्सवाले जिथे एकमेकांच्या अडचणी सोडवतात, त्या फोरमवर आमच्या मधूनानांनी पहिलं वाक्य लिहिलं ते असं: "राम राम मंडळी. जेवलात का?" मोबाइलनं त्याचं इंग्रजी करून दिलं. चार देशांतल्या सहा जणांनी आपण काय जेवलो ते मनापासून कळवलं. त्या गडबडीत खरा प्रश्न विचारायचा नाना विसरूनच गेले.

नाना आमचे शेजारी, भिंतीला भिंत. साजगावच्या एका कारखान्यात फिटर होते, आता रिटायर. काकी जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्याला. त्यानं अडगळीत टाकलेला कॉम्प्युटर नानांनी टेंपोत घालून गावी आणला आणि माझ्यामागे भुणभुण सुरू झाली. कर्जतला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे ना, म्हणजे गावाच्या मते मी कॉम्प्युटरची डॉक्टर!

"याला विंडोज झेपत नाय म्हणतो पोरगा. ते फुकटचं लिनक्स टाकायचं हाय. कुठलं टाकू गं सुमे?"

"नाना, लिनक्स एक नाही, शेकडो आहेत," मी म्हटलं. तिथेच चुकले.

"मग त्यात हळवं कुठलं नि गरवं कुठलं?"

भाताच्या जातींची ही आमच्याकडची वाटणी. हळवं लवकर तयार होतं, हलक्या जमिनीत भागतं. गरव्याला दिवसही जास्त लागतात आणि पाणीही. नानांचं म्हणणं सरळ होतं: दोन जीबी रॅम म्हणजे हलकी वरकस जमीन, तिथे गरवं लावून हातात काय येणार? मी आधी हसले. मग लक्षात आलं, व्हिडिओत तासभर बडबडणाऱ्या कुणीही हे इतकं सोपं करून सांगितलेलं नाही. तर उबुंटू गरवं ठरलं, मिंट निमगरवं आणि लुबुंटू हळवं. न बसवताही पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, हे सांगितल्यावर तर नाना खुर्चीतून उठलेच.

"म्हंजे आदी मूठभर पेरून बघायचं! मग सांगायचंस ना, येडे!"

पुढचा महिनाभर माझ्या डोक्याचं पार भजं झालं. मी शटर वर करते न करते तोच नाना दारात. "कालचं बरं हाय, पण अक्षरं मुंगीएवढी." "आजच्याला आवाजच नाय, मुकं हाय बिचारं." शेवटी लुबुंटू जमलं, पण वायफाय लागेना. कार्डच मुळी जुनं. मी हात टेकले.

मग फोरमवर पोलंडचा तोमाश नावाचा कुणी भला माणूस भेटला. तीन दिवस तो एकेक कमांड लिहून पाठवायचा, नाना मोबाइलमध्ये वाचून एका बोटानं टाइप करायचे, जे उमटेल त्याचा फोटो काढून परत पाठवायचे. तिसऱ्या दिवशी नाना अंगणात येऊन ओरडले, "सुमे, लागलं गं!" अख्ख्या आळीला वाटलं, लॉटरीच लागली.

दुसरा कुणी 'थँक्यू' म्हणून मोकळा झाला असता. नानांना चैन पडेना. "परका माणूस तीन दिस आपल्या शेतावर राबला. त्याची सावड केली पायजे."

सावड! किती वर्षांनी ऐकला तो शब्द. माझ्या लहानपणी भाताची लावणी म्हणजे सावडच. आज सगळे तुमच्या शेतावर, उद्या तेच सगळे आमच्या. आदल्या संध्याकाळी बाबा दारोदार सांगत फिरायचे, "उद्या आमच्याकडं हाय रं, या." पहाटेची पाळी असली तर नाना ती बदलून घेऊन यायचे, पण यायचेच. बायका गाणं म्हणायला लागल्या की नाना मुद्दाम भलतीच ओळ घुसडणार आणि बायका त्यांना चिखलानं माखून काढणार. मग बांधावर बसून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. त्या दिवसांची आठवण आली की अजून कसंतरीच होतं. आता निम्म्या शेतांत फार्महाऊस झालेत आणि उरलेल्यांत बाहेरून मजूर येतात.

तोमाशनं उत्तर दिलं, परतफेड नको, पुढच्या नवख्याला मदत करा. नाना भडकले. "पुढच्याला कर म्हणं! जो आपल्याकडं आला त्याच्याच शेतावर जायचं असतं. ही कुठली रीत काढली यांनी?" दोन दिवस रुसून बसले. मग रोज सकाळी विचारायला लागले, "तोमाशराव, काय काम हाय का?"

आठवडाभरानं तोमाशनं काम दिलं. लिनक्सच्या पडद्यावर उमटणाऱ्या इंग्रजी सूचना तो हौसेनं पोलिश भाषेत आणत असे. मराठीचं काम अर्धवट पडलंय, करायला माणूस नाही, याल का, असं त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी नाना दुकानात हजर. इस्त्रीचा शर्ट, हातात जेवणाचा डबा.

"कुणाचं लग्न, नाना?"

"कामाला आलोय. शब्द अडला तर तुला इचारता येईल." कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढे बसले आणि एक बोट सुरू झालं.

मला चेष्टा सुचली. "पोलंडचं काम, तेही फुकट! एवढं नटायला काय झालं?"

"बोलावलं गं त्यानं," नाना पडद्याकडे बघतच म्हणाले. "लावणीच्या दिसांत मी सांजच्याला दार उघडं ठेवून बसतो. तुझा बाबा यायचा सांगायला. तो गेला नि पाच वर्सं कोण आलं नाय."

तक्रारीचा सूरही नव्हता त्यात. बाबा गेल्यापासून आमची लावणी मीच बघते, मजूर मीच ठरवते. म्हातारं माणूस, कशाला चिखलात उतरवायचं, म्हणून नानांना कधी सांगितलं नाही. वर पुन्हा मीच समजत होते, आपण त्यांना जपतोय. मला माझीच भयंकर लाज वाटली.

उद्याच आमच्याकडे मजूर यायचे होते.

"नाना," मी म्हटलं, "उद्या आमच्याकडं लावणी हाय. या."

त्यांचं बोट थांबलं.

"किती वाजता?"

"सातला."

नानांनी मान हलवली. नाक ओढलं, चष्मा शर्टाला पुसला आणि पुन्हा टाइप करायला लागले. बराच वेळ चाललं होतं, म्हणून शब्द अडला की काय ते बघायला मी मागे जाऊन उभी राहिले. नाना तोमाशला लिहीत होते:

"उद्या मला येता येणार नाही. घरून बोलावणं आलंय."